राजगडावर अर्ध्या वॅटचे सहा सेट : प्रकल्प नोंदी

४ ऑक्टोबर २०२५, शनिवार

बैठक नेहमीसारखी चहाच्या गाडीवर. नोव्हेंबरात राजगडावर प्लास्टिक गोळा करायची मोहीम आहे. अडचण दरवर्षीचीच. माणसं पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्यांवर पांगतात आणि मग अर्धी दुपार एकमेकांना शोधण्यात जाते. पद्मावतीवर मोबाइलला कुठेकुठे रेंज मिळते, संजीवनीच्या टोकाला मिळाली तर नशीब. मागच्या खेपेला सुवेळेवर रिकामी पोती संपली होती आणि पद्मावतीच्या देवळापाशी पोत्यांचा गठ्ठा तसाच पडून होता. एवढं सांगायला एक जण बालेकिल्ल्याला वळसा घालून आला, तोवर सुवेळेवरची मंडळी पिशव्यांना गाठी मारत बसली होती. म्हणून यंदा वॉकीटॉकी सेट न्यायचे.

यंदा जुलैत बारा किल्ल्यांची मालिका जागतिक वारसा यादीत गेली, त्यात राजगड आहे. त्यामुळे गर्दी वाढणार, कचराही वाढणार. गड राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे. परवानगीच्या अर्जात यंदा एक ओळ वाढवली : ‘स्वयंसेवकांकडे परवानामुक्त वॉकीटॉकी असतील.’ हातात अँटेना दिसली की लोक विचारतात, तेव्हा आधीच लिहून दिलेलं बरं.

सेट किती आणि कोणते, यावर वाद झाला. आमच्यातल्या एका दादांनी कधीतरी ऑनलाइन घेतलेले तीन ड्युअल बँड, म्हणजे दोन पट्ट्यांत चालणारे, सेट आणले होते. १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ, पाच वॅट, किंमत दोन माणसांच्या हॉटेलातल्या जेवणाएवढी. दादा म्हणाले, “हे असताना नवे कशाला?” काकांनी सेट हातात घेतला, उलटा करून मागचं लेबल वाचलं आणि चहा संपेपर्यंत काही बोलले नाहीत. काकांकडे हॅम, म्हणजे हौशी, रेडिओचा जनरल ग्रेडचा परवाना आहे. त्यांचा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, व्हीयू२ ने सुरू होतो. ते गप्प बसले की समजायचं, उत्तर ‘नाही’ आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काकांच्या घरी. कायद्याचं एकदाच नीट समजून घेतलं आणि ते इथे लिहून ठेवतोय, कारण हा वाद दरवर्षी निघणार.

भारतात वायरलेस सेट वापरायला परवाना लागतो, हा मूळ नियम. त्याला काही ठरावीक पट्ट्यांत सूट आहे. आपल्या कामाचा पट्टा म्हणजे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ. कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २०१८ साली जे नियम आले त्यात तो परवानामुक्त झाला. मात्र सेट फक्त त्याच पट्ट्यात चालणारा हवा आणि त्याला दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेची, म्हणजे डब्ल्यूपीसीची, उपकरण-मान्यता हवी. दुकानदार तिला ‘ईटीए’ म्हणतात. सत्तावीस मेगाहर्ट्झच्या आसपासचा सिटिझन बँडही खुला आहे, पण त्या लहरीला सोसेल एवढी लांब अँटेना घेऊन गडाच्या चोर दरवाजातून वाकून जायची कोणाची तयारी नाही.

दादांचे सेट या चौकटीत बसत नाहीत. ‘आम्ही त्यावर ४४६ च लावू’ हा त्यांचा मुद्दा होता. काकांचं म्हणणं, सेटला काय करता येतं ते बघतात, तुम्ही कुठे ठेवलाय ते नाही. चढताना कोणाचा अंगठा बटणावर पडला आणि आकडा सरकला, तर तुमचा आवाज पोलिसांच्या किंवा आणखी कोणाच्या कामाच्या चॅनलवर जाईल. अशा सेटच्या सर्रास विक्रीवरून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने यंदा मे महिन्यात ऑनलाइन बाजारपेठांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत : कोणती वारंवारता, परवाना लागतो का, मान्यता आहे का, हे सगळं विक्रीच्या पानावर दिसलं पाहिजे. दादांनी घेतले तेव्हा यातलं काही लिहिलेलं नव्हतं. सेट कपाटात गेले.

मग प्रश्न आला की काकांचा स्वतःचा पाच वॅटचा सेट कसा चालतो. तो हॅमच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, परवान्यावर, कॉलसाइन सांगून. पण तो परवाना माणसाचा. काकांनी सेट माझ्या हातात दिला म्हणून मी बोलू लागलो तर ते चालणार नाही. आमच्यातली एक पोरगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिने गेल्या वर्षी रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा दिली. त्यात मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची संकेतलिपी, नसतं. थोडा रेडिओचा सिद्धांत आणि बाकी नियम. तिचा कॉलसाइन व्हीयू३ चा. म्हणजे हॅमच्या बाजूला माणसं दोनच. बाकी सगळे ४४६ वर.

काका जाताना म्हणाले, “बारा वर्षांचं पोर ही परीक्षा देऊ शकतं. तुम्हाला काय झालंय?” यावर कोणी उत्तर दिलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

सहा सेट आले. लेबलवर ४४६ चा पट्टा आणि मान्यतेचा क्रमांक दोन्ही आहे, फोटो काढून फोल्डरमध्ये टाकला. शक्ती अर्धा वॅट. अँटेना पक्की बसवलेली, निघत नाही. काहींचा हिरमोड झाला. मला ते सोयीचं वाटलं. ज्या सेटची अँटेना निघते त्यावर हमखास कोणीतरी ती न लावता बटण दाबतं आणि मग आत गेलेली शक्ती बाहेर पडायला वाट नसल्याने शेवटचा ट्रान्झिस्टर तापून जातो. अँटेनाला धरून सेट उचलायचा नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं. पिशवीतून दोरीसारखी ओढून काढायची सवय मोबाइलवाल्यांना नसते, पण या काळ्या शेपटीला बघून हात तिकडेच जातो.

चार्जिंग आधी. बॅटरी लिथियम-आयनची आहे, तेव्हा सोबत आलेल्या चार्जरवरच आणि कोणीतरी जागं असताना. रात्रभर गादीवर ठेवून नाही. फुगलेली बॅटरी दाबून बसवायची नाही, ती सरळ ई-कचऱ्यात. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवायची नाही. हे लिहिताना शाळेच्या नोटिशीसारखं वाटतंय, पण या छोट्या यंत्रात खरोखर आग लावू शकेल अशी गोष्ट ही एकच.

बॅटरी किती तास टिकेल याचा खोक्यावरचा आकडा शंभरातले पाच भाग बोलणं, पाच भाग ऐकणं आणि नव्वद भाग नुसतं चालू असणं, असा धरून काढतात. आमच्या मंडळींचा बोलण्याचा भाग पाच टक्क्यांत राहील यावर माझा विश्वास नाही. म्हणून दोन पॉवर बँक सोबत.

मग मांडणी. या सेटमध्ये सोळा चॅनल आहेत, पहिला ४४६.००६२५ वर, पुढचा प्रत्येक साडेबारा किलोहर्ट्झने वर. मुख्य चॅनल सहा ठरवला, राखीव बारा. आवाज ऐकून आपोआप सुरू होणारी सोय, म्हणजे व्हॉक्स, बंद केली. गडावर वाऱ्यानेच सेट बोलू लागेल. बोलून झाल्यावर वाजणारी बीपही बंद. स्कॅन बंद. कळफलक कुलूपबंद. स्क्वेल्च, म्हणजे नुसती खरखर अडवणारी सोय, मधोमध ठेवला : फार खाली आणला तर दिवसभर खरखर, फार वर नेला तर दूरचा मंद आवाज दारातच अडतो.

टोनवर थोडं थांबावं लागलं. सेटच्या खोक्यावर ‘प्रायव्हसी कोड’ असं छापलंय आणि सगळ्यांना वाटलं की आता आपलं बोलणं कोणी ऐकणार नाही. प्रत्यक्षात टोन म्हणजे आवाजाखाली चाललेला एक बारीक गुणगुणाट, उदाहरणार्थ ८८.५ हर्ट्झचा. तो असेल तरच आपला सेट तोंड उघडतो. दुसऱ्याने टोन बंद ठेवला तर त्याला आपलं सगळं ऐकू येतं. उलट टोन लावून बसलं की चॅनलवर दुसरं कोणी बोलतंय हे आपल्याला कळत नाही आणि आपण त्याच्या डोक्यावर बोलतो. तूर्तास टोन बंद.

प्रत्येक सेटवर पांढऱ्या रंगाने आकडा आणि बाजूच्या जॅकच्या रबरी झाकणावर बोट ठेवून सूचना : हे उघडं राहिलं की पाणी आत.

२६ ऑक्टोबर, रविवार

पुण्यातल्या तळजाई टेकडीवर चाचणी ठरली होती. दिवाळी झाली तरी पाऊस जायचं नाव घेत नाही. चार वाजता पश्चिमेला ढग काळे झाले, वीज दिसली आणि गडगडाट यायला वीस सेकंदही लागले नाहीत. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे वीज सहा-सात किलोमीटरवर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की उघड्या टेकडीवरून निघायचं, हा नियम ट्रेकवाल्यांना पाठ आहे. हातात रेडिओ असला की माणूस ‘एकदा बोलून बघू’ म्हणून थांबतो, म्हणून तो पुन्हा लिहितोय. काकांनी सोबत आणलेली दोन मीटरची दुमडती काठी-अँटेना तर त्यांनी पिशवीबाहेरच काढली नाही. सगळे खाली.

घरी जिन्यात चाचणी केली. चौथ्या मजल्यावरून तळमजल्यावर आवाज नीट. लिफ्टचं दार बंद झालं की आवाज गायब.

८ नोव्हेंबर, शनिवार

अखेर चाचणी झाली. तीन जण तळजाईवर, तीन जण पर्वतीवर. समोरासमोरच्या टेकड्या, आवाज शेजारी उभं राहून बोलल्यासारखा. पर्वतीवरून एक जण पायऱ्या उतरून इमारतींच्या मागे गेला तशी खरखर वाढली, वळणावर आवाज पूर्ण गेला आणि दोन पावलं मागे आल्यावर परत आला. दोन पावलं! हे सगळ्यांनी स्वतः करून बघावं असा माझा आग्रह होता, कारण आवाज आला नाही की लोक त्याच जागी उभं राहून मोठ्याने ओरडतात. ४४६ मेगाहर्ट्झची लहर दोन फुटांहून थोडी जास्त लांब असते. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींना मारतात ती जागा कधीकधी हातभरच असते. ओरडण्यापेक्षा सरकावं.

सहा नंबरवर मध्येच दुसरी मंडळी. “पांढरी इनोव्हा आत घे, नवरदेव आला, नवरदेव आला.” तुळशीची लग्नं लागली, कार्यालयं सुरू झाली. पार्किंगवाल्या पोरांचा पट्टाही तोच आणि त्यांचा हक्कही आमच्याएवढाच. आमच्यातल्या एकाने त्यांना चॅनल सोडायला सांगायचा प्रयत्न केला. मी सेट हातातून घेतला. इथे कोणाच्या नावाने चॅनल लिहून दिलेला नाही. आधी ऐकायचं, मोकळा असेल तर बोलायचं, नसेल तर सरकायचं. आम्ही बारावर गेलो. नवरदेव आत गेला असावा.

१२ नोव्हेंबर, बुधवार

संध्याकाळी बोलण्याचा सराव. हा भाग लोकांना पोरखेळ वाटतो, प्रत्यक्षात सेटपेक्षा जास्त घोळ इथेच होतो.

बटण दाबायचं, मनात ‘एक’ म्हणायचं, मग बोलायचं. बॅटरी वाचवायला सेट ऐकतानाही डुलक्या घेत असतो, त्यामुळे पहिलं अक्षर गिळलं जातं. ‘नको’ मधला ‘न’ गेला तर उरलेल्या ‘को’चा अर्थ ज्याला जो हवा तो लावतो. म्हणून नकार वाक्याच्या सुरुवातीला ठेवायचा नाही : “पोती पाठवायची नाहीत” असं पूर्ण वाक्य. कोणीतरी ‘होकार-नकार’ सुचवलं. वाऱ्यात दोन्हींचं शेपूट सारखंच ऐकू येतं. ‘बरोबर’ आणि ‘नाही’ ठेवले.

आकडे सुटे सांगायचे. मराठीत पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस खरखरीत एकाच घरचे वाटतात आणि एकोणसाठ-एकोणसत्तरने तर समोरासमोरही गोंधळ होतो. “दोन-पाच पोती.” काकूंना हे फार आवडलं, त्या भाजीवाल्याकडेही वापरणार म्हणाल्या.

आधी ज्याला हाक मारायची त्याचं ठिकाण, मग आपलं : “सुवेळा, पद्मावती बोलतेय.” माणसांची नावं घ्यायची नाहीत, कारण सेट हातोहात फिरतो पण जागा तीच राहते. बोलणं संपलं की ‘ओव्हर’, संवाद संपला की ‘आउट’. ‘ओव्हर अँड आउट’ सिनेमात ठीक, दोन्ही एकदम म्हणण्यात अर्थ नाही. निरोप ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचा.

सेट उभा, ओठांपासून पाच सेंटीमीटरवर, वाऱ्याकडे पाठ. कमरेला अडकवला की अंग लहर पिऊन टाकतं. सॅकच्या पट्ट्यावर खांद्यापाशी ठेवायचा. अर्ध्या वॅटने काही अपाय होतो असं नाही, तरी बोलताना अँटेना डोळ्याला, गालाला टेकवायची नाही. काकांच्या पाच वॅटच्या सेटला तर हे नक्कीच लागू.

एक खास बाब. गडाच्या पायथ्याला, गुंजवण्यात, गाड्यांपाशी जे काका बसणार आहेत त्यांच्या छातीत पेसमेकर आहे. त्यांनी डॉक्टरांना विचारून घेतलं. सेट छातीच्या खिशात ठेवायचा नाही, पेसमेकरपासून निदान पंधरा सेंटीमीटर लांब, आणि पेसमेकर ज्या बाजूला त्याच्या विरुद्ध हातात धरायचा. त्यांना वायरवरचा माइक दिला, सेट टेबलावर राहील.

शेवटी पेट्रोल पंप आणि खाणी. पंपावर सेट बंद. रस्त्याच्या कामावर सुरुंग लावलेत अशी पाटी दिसली तरी बंद, कारण विजेवर उडणाऱ्या सुरुंगाच्या तारा अँटेनासारखं काम करू शकतात.

१६ नोव्हेंबर, रविवार

गडावर प्रत्यक्ष चाचणी. आज जे कळलं त्यासाठी आधीची सगळी खटपट सार्थ.

गुंजवण्यातून चोर दरवाजाने वर. चोर दरवाजाच्या वरच्या तटावर उभं राहिलं की गाव दिसतं, आणि गाव दिसतं म्हणून गावाशी बोलता येतं. तटापासून देवळाकडे आत आलं की गाव गेलं, आवाजही गेला. इथपर्यंत अपेक्षेप्रमाणे.

मग दोघे संजीवनीच्या टोकाला, दोघे सुवेळेला. सरळ रेषेत अंतर चार किलोमीटरच्या आतच. मध्ये बालेकिल्ला. संजीवनीवरून मी हाक मारली. काही नाही. पुन्हा मारली, काही नाही. तिकडून ते मारत होते, इकडे काही नाही. काळा कातळ तो, सह्याद्रीचा, त्याच्या पोटातून अर्धा वॅट काय आणि पाच वॅट काय.

तेवढ्यात माझ्या हातातला सेट बोलला, स्वच्छ : “संजीवनी, सिंहगड बोलतोय.” आमच्या दोघांना आज सिंहगडावर पाठवलं होतं, सहावा सेट देऊन, बघू तर काय होतं म्हणून. मधलं अंतर पंधराएक किलोमीटर. खाली गुंजवणीचं खोरं मोकळं, वर हवा, अडसर काही नाही. आवाज पर्वती-तळजाईसारखाच. आणि त्यांना सुवेळाही ऐकू येत होती.

मग तेच केलं. “सिंहगड, सुवेळेला विचारा, पाणी आहे का?” सिंहगडाने विचारलं, उत्तर आलं, मला सांगितलं. चार किलोमीटरच्या आतला निरोप तीस किलोमीटरची चक्कर मारून पोचला. सोबतचे दादा, कपाटातल्या तीन सेटचे मालक, बराच वेळ बालेकिल्ल्याकडे बघत होते.

हिशेब साधा आहे. मोकळ्या सपाटीवर दीड मीटर उंचीवर धरलेल्या सेटचं क्षितिज साधारण पाच किलोमीटर, दोन्हीकडचं मिळून दहा. उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढून ४.१२ ने गुणलं की रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये येतं. तुम्ही आसपासच्या मुलखापेक्षा चारशे मीटर उंच असाल तर ऐंशी किलोमीटरवर गेलात. शक्ती दहापट केली तर मोकळ्या हवेत पल्ला तिपटीहून थोडा जास्त वाढतो, आणि तोही समोर काही आडवं नसेल तर.

पाच वॅटची बाजूही प्रामाणिकपणे तपासली. काका संजीवनीवर, पोरगी सुवेळेवर, दोघांकडे परवाने, हॅमचा १४४ चा, म्हणजे दोन मीटर लांब लहरीचा पट्टा. खरखर होती, पण शब्द कळत होते. त्या लहरीची लांबी तिपटीने जास्त, ती कड्याच्या कडेवरून थोडी वाकून खाली उतरते. त्यात शक्तीही जास्त. काका लगेच म्हणाले, “हे बघ, तिने ऐकलं आणि मी ऐकलं, पण मोहिमेत इतर सगळ्यांनी ऐकायला हवं ना?” पोरीने तिकडून दुरुस्ती केली : “काका, कॉलसाइन राहिला तुमचा.” काकांनी तो सांगितला.

आणखी एक जागा लिहून ठेवायची. संजीवनीच्या दुहेरी तटामधल्या चिंचोळ्या वाटेत उतरलं की कोणताच सेट चालत नाही. आत जाणाऱ्याने आधी “तटात उतरतोय” सांगायचं आणि बाहेर आल्यावर “आलो”. मध्ये वीस मिनिटं गेली तर दुसरा माणूस बघायला जाणार.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सिंहगडावर माणसं बसवण्याची कल्पना मजेची होती, पण त्यात दोघांचा दिवस जातो. त्याऐवजी बालेकिल्ल्यावर दोघे. पहाटे, गर्दी व्हायच्या आत चढायचं, कारण नंतर त्या रेलिंगच्या वाटेवर रांग लागते. वर तटाच्या एका कडेला संजीवनी दिसते, थोडं चालून दुसऱ्या कडेला सुवेळा. त्यांचं काम निरोप ऐकून शब्दाला शब्द पुढे देणं. स्वतःचं मत मिसळायचं नाही. हॅमवाले डोंगरावर जो रिपीटर बसवतात तो हेच करतो, एका वारंवारतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर बोलतो. आमचा रिपीटर डबा खाणार आणि त्याला सावली लागणार.

दर तासाला पाच मिनिटं आधी सगळ्यांनी सेटजवळ असायचं, बालेकिल्ला एकेकाची हजेरी घेणार. आग्या मोहोळ उठलं तर एकच शब्द तीनदा, “मोहोळ, मोहोळ, मोहोळ”, मग जागा. त्यावर कोणी प्रश्न विचारायचे नाहीत, चॅनल मोकळा ठेवायचा.

२३ नोव्हेंबर, रविवार

मोहीम. सकाळी गुंजवण्यात सहाही सेटची हजेरी, सगळे ठीक.

दहाच्या सुमारास चॅनल सहा तुंबला. कोणाचं तरी बटण सॅकच्या पट्ट्याखाली दाबलं गेलं होतं. सगळ्या गडाला त्याचा श्वास, बुटांचा आवाज आणि मध्येच एक गाणं. त्याला सांगणार कसं? तो बोलत असेपर्यंत ऐकू शकत नाही. चांगल्या सेटमध्ये ठरावीक सेकंदांनी आपोआप बंद होण्याची सोय असते, आमच्यात ती नाही. पण हे आधी ठरलं होतं : सहा अडला की बारा. मिनिटाभरात बाकीचे पाच जण बारावर होते. गाणारा सापडला सुवेळेच्या वाटेवर. गाणं बरं होतं, सूर सोडून.

दुपारी खरा निरोप आला. संजीवनीवर, दुसऱ्याच कोणत्या तरी गटातल्या शाळकरी मुलाचा पाय मुरगळला.

“बालेकिल्ला, संजीवनी बोलतेय. तातडीचं. ओव्हर.”

“संजीवनी, बोला.”

“मुलगा, वय एक-तीन. उजवा घोटा सुजला. शुद्धीवर आहे, रक्त नाही. दुसऱ्या टप्प्यावर, बुरुजापाशी. चालता येत नाही. चार माणसं आणि स्ट्रेचर पाहिजे. ओव्हर.”

बालेकिल्ल्यावरच्या मुलीने ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं, संजीवनीने “बरोबर” म्हटलं, मग तिने पद्मावतीला दिलं. पद्मावतीवर मोबाइल लागला, तिथून १०८ ला कळवलं आणि चोर दरवाजावरच्या तटावरून गुंजवण्याला, की गाडी तयार ठेवा. पाली दरवाजाची वाट रुंद म्हणून तिकडून उतरवावं असं मुलाबरोबरच्या सरांचं मत पडलं, तेव्हा गुंजवण्यात बसलेल्या पेसमेकरवाल्या काकांनी गाडी पालीकडे वळवली. हे सगळं मुलाला उचलायच्या आत ठरलं होतं. रेडिओने पाय बरा होत नाही, पण स्ट्रेचर घेऊन चुकीच्या दरवाजाने उतरण्याची वेळ कोणावर आली नाही.

पोत्यांचं सांगायचं राहिलं. सुवेळेवर साडेअकराला संपली, बारा वाजता नवी पोचली.

उतरताना तीन सेटच्या बॅटऱ्या तळाला गेल्या होत्या. अपेक्षेप्रमाणे तिन्ही जास्त बोलणाऱ्यांच्या. बालेकिल्ल्यावरचा सेट दुपारी पॉवर बँकेवर लावला होता म्हणून टिकला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सेट उघडून पुसले. दोन सेटच्या चार्जिंगच्या पितळी पट्ट्यांवर घामाचा हिरवट थर होता, कापूस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघाला. आता काही महिने काम नाही, म्हणून बॅटऱ्या निम्म्या चार्ज करून, सेटमधून काढून, कोरड्या डब्यात. पूर्ण भरून ठेवल्या तर लवकर म्हाताऱ्या होतात, पूर्ण रिकाम्या ठेवल्या तर पुन्हा उठत नाहीत. दोन महिन्यांनी एकदा बघायचं, डब्यावर तारीख लिहिली.

दोन सेटच्या बेल्ट क्लिप तुटल्या. सॅकवर अडकवायला शिवून घेतलेल्या नायलॉनच्या पिशव्या करायच्या, बटणाच्या जागी पुठ्ठ्याची कड ठेवून, म्हणजे पट्टा पुन्हा बटणावर बसणार नाही. शिंप्याला एक सेट नमुन्याला दिलाय. त्याने विचारलं, यावर काय काय ऐकू येतं. शनिवारी संध्याकाळी चॅनल सहा लावून बघा म्हटलं, लग्नं चालू आहेत.

दादांनी काकांकडून परीक्षेचा अभ्यासक्रम नेला आहे. तोरण्याच्या बाजूने राजगड-तोरणा धारेवर कुठून कुठवर आवाज जातो ते जानेवारीत बघायचं. त्याआधी नकाशावर दोन्ही गडांच्या मध्ये काय काय आडवं येतं त्याची रेघ मारून ठेवायला पोरीला सांगितलं आहे.